मर्थर टिडव्हिल : लोखंडाचे नगर आणि त्याचा नगराधिकार

दक्षिण वेल्समधील टॅफ नदीच्या उगमाकडील खोऱ्यात मर्थर टिडव्हिल हे नगर वसले आहे. ब्रेकन बीकन्सच्या डोंगरातून निघालेले थोरली टॅफ व धाकटी टॅफ हे दोन प्रवाह नगराच्या किंचित उत्तरेस एकत्र येतात आणि तेथून ही नदी दक्षिणेकडे कार्डिफच्या किनाऱ्याला जाऊन मिळते. उत्तरेस उजाड माळ, दक्षिणेस चिंचोळे खोरे, आणि या दोहोंच्या सांध्यावर कोळसा, लोहपाषाण व चुनखडी ही तिन्ही द्रव्ये भूपृष्ठानजीक एकाच पट्ट्यात आढळावीत, असा हा भूस्तराचा योग आहे. नगराचा उदय या योगाने झाला. पुढे हा योग निरुपयोगी ठरला, तेव्हा नगराचा ऱ्हासही त्यानेच घडवून आणला.

नावाविषयी प्रथम दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. ब्रायखन नावाच्या राजाची कन्या टिडव्हिल हिला इसवी सनाच्या पाचव्या शतकात विधर्मीयांनी ठार केले आणि त्या हुतात्म्यावरून गावाला नाव पडले, अशी आख्यायिका आहे. तथापि वेल्श भाषेत स्थलनामांत येणारा ‘मर्थर’ हा शब्द मूळ लॅटिन ‘मार्टिरियम’पासून आला असून त्याचा अर्थ हुतात्मा असा नसून संताची समाधी किंवा समाधीवरील देवालय असा आहे. ग्लॅमरगनच्या किनाऱ्यालगतचे मर्थर मॉर हे गाव त्याच घटकाचे दुसरे उदाहरण होय. तेव्हा कथेवरून नाव पडले, की नावाचा मूळ अर्थ विसरला गेल्यावर त्यातून कथा उपजली, हा प्रश्न मोकळाच राहतो. स्थलनामांच्या अभ्यासकाला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटल्यास नवल नाही. (नावातील ‘फ’ असे लिहिलेले अक्षर वेल्शमध्ये ‘व्ह’ असे उच्चारतात, म्हणून टिडफिल नव्हे, टिडव्हिल.)

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे मेंढपाळांचे एक साधे खेडे होते. 1759 मध्ये डाउलिस येथे, 1763 मध्ये प्लिमथ येथे, 1765 मध्ये कव्हार्थ्व्हा येथे आणि 1784 मध्ये पेनीडॅरन येथे लोखंडाचे कारखाने निघाले. 1794 मध्ये कार्डिफपर्यंतचा कालवा खुला झाला. 1801 च्या पहिल्या शिरगणतीत मर्थरची लोकसंख्या 7,705 भरली, आणि तेवढ्यानेच ते वेल्समधील सर्वांत मोठे गाव ठरले! पन्नास वर्षांत हा आकडा 46,000 च्या वर गेला. 21 फेब्रुवारी 1804 रोजी रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने पेनीडॅरनहून खोऱ्यातून खाली दहा टन लोखंड व सुमारे सत्तर माणसे ओढून नेली. रुळांवरून बाष्पबलाने भार ओढल्याची ही पहिली नोंदलेली घटना होय. इंजिनाच्या वजनाने बिडाचे रूळ तडकत, म्हणून तो प्रयोग पुढे रेटला गेला नाही. 1845 च्या सुमारास एकट्या डाउलिसच्या कारखान्यात अठरा झोतभट्ट्या आणि सात हजारांवर कामगार होते.

एवढी मोठी वस्ती. परंतु तिला नगरशासन नव्हते. या विसंगतीतच मर्थरच्या नागरी इतिहासाचे मर्म आहे. गावाची व्यवस्था जुन्या धर्मग्रामाच्या सभेकडे राहिली आणि वास्तविक सत्ता चार कारखान्यांच्या मालकांकडे. दाद मागण्याचे कोणतेही सनदशीर स्थान नसलेल्या वस्तीत असंतोष कोणत्या मार्गाने वाहतो, हे 1831 च्या जूनमध्ये दिसून आले. मजुरीतील कपात आणि लहान कर्जांच्या न्यायालयाने घरातील भांडीकुंडी जप्त करण्याचा चालविलेला सपाटा, ही त्याची दोन निकट कारणे होत. जमावाने जप्त वस्तू मूळ धन्यांना परत मिळवून दिल्या, न्यायालयाचे कागद जाळले. 3 जून रोजी कॅसल इनसमोर सैन्याने गोळीबार केला आणि त्यात किमान सोळा माणसे मेली. या उठावात लाल निशाण फडकविले गेले, ही गोष्ट पुढील काळात विशेष प्रसिद्धी पावली. ल्यूइस ल्यूइस यास काळ्या पाण्याची शिक्षा होऊन त्याला ऑस्ट्रेलियास धाडण्यात आले. रिचर्ड ल्यूइस ऊर्फ डिक पेंडेरिन या तरुण खाणकामगारास, डोनल्ड ब्लॅक या सैनिकाला जखमी केल्याच्या आरोपावरून, 13 ऑगस्ट 1831 रोजी कार्डिफ येथे फाशी देण्यात आली. त्याच्या सुटकेसाठी अकरा हजारांवर लोकांनी अर्ज केला होता, आणि त्या अर्जासाठी झटणारा जोसेफ ट्रेगेलिस प्राइस हा स्वतः एक लोखंड-कारखानदार होता, ही बाब मालक आणि मजूर अशी सरळ विभागणी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जखमी सैनिकाला हल्लेखोराची ओळख पटविता आली नव्हती. डिक पेंडेरिन आज वेल्श कामगारांच्या परंपरेत हुतात्मा मानला जातो. म्हणजे ज्या गावाच्या नावात हुतात्मा वस्तुतः नसावा, त्या गावाला तो इतिहासाने मिळवून दिला.

1832 च्या सुधारणा कायद्याने मर्थरला पार्लमेंटात एक जागा मिळाली. पण पहिला सभासद निवडून आला तो डाउलिसचा मालक जोसाया जॉन गेस्ट! (त्याची पत्नी लेडी शार्लट हिने ‘मॅबिनोगियन’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहाचे इंग्रजी भाषांतर करून भाषेची मोठी सेवा केली, भट्ट्यांच्या धुरात हे काम चालले होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.) नगरपालिकेची मागणी वारंवार झाली, आणि कर वाढतील या भीतीने कारखानदारांनी तिला वारंवार विरोध केला. या विरोधाची किंमत 1849 च्या पटकीने दाखवून दिली. त्या साथीत चौदाशेंहून अधिक माणसे दगावली. टी. डब्ल्यू. रॅमेल याने आरोग्य मंडळाला सादर केलेल्या अहवालात गटारांचा अभाव आणि पिण्याच्या पाण्याची भयंकर टंचाई यांचे वर्णन आहे. 1850 मध्ये स्थानिक आरोग्य मंडळ स्थापन झाले खरे. परंतु त्यावरही कारखानदारांचाच वरचष्मा होता, आणि नळाचे पाणी घरोघर यायला आणखी दहाएक वर्षे लागली.

1867 च्या कायद्याने मतदारांची संख्या सुमारे दसपट झाली व जागा दोन झाल्या. 1868 मध्ये हेन्री रिचर्ड हा शांततावादी धर्मोपदेशक निवडून आला. 1900 मध्ये केअर हार्डी हा याच मतदारसंघातून विजयी झाला आणि 1915 मध्ये मृत्यू पावेपर्यंत त्याचे प्रतिनिधित्व करीत राहिला. 1907 मध्ये त्याने केलेला हिंदुस्थानचा दौरा आणि त्यावरचे 1909 मधील पुस्तक येथील वाचकांना अपरिचित नाही. तथापि तो कोणत्या गावाचा प्रतिनिधी म्हणून आला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

अखेर 1905 मध्ये नगरपालिका आणि 1908 मध्ये काउंटी बरोचा दर्जा प्राप्त झाला. काउंटी बरो म्हणजे काउंटीच्या सत्तेतून वेगळे काढलेले, स्वतःचा सर्व कारभार स्वतः पाहणारे नगर. क्रॉशे घराण्याने 1825 च्या सुमारास बांधलेला कव्हार्थ्व्हाचा किल्लेवजा वाडा याच काळात नगराने विकत घेऊन तेथे संग्रहालय थाटले. परंतु दैवाची थट्टा अशी, की हक्क मिळाला तेव्हा ज्या संपत्तीच्या जोरावर तो मागितला होता, ती ओसरू लागली होती. स्थानिक लोहपाषाण संपत आला, स्पेनमधून खनिज येऊ लागले, आणि समुद्रापासून दूर असलेल्या भट्ट्यांना ते परवडेना. डाउलिस कंपनीने कार्डिफच्या किनाऱ्यावर नवा कारखाना उभारला. 1930 मध्ये डाउलिसचे मुख्य काम बंद पडले. 1911 मधील सुमारे 81,000 ची लोकसंख्या 1931 मध्ये 71,000 वर आली. बेकारांच्या साहाय्याचा बोजा स्थानिक करांवर पडला, म्हणजे जे नगर जितके गरीब, तितका त्याचा कर अधिक. 1935 च्या राजकीय आयोगाने काउंटी बरोचा दर्जा काढून घ्यावा अशी शिफारस केली; ती अमलात आली नाही. 1939 मध्ये एका संशोधन मंडळाने तर गावच उठवून लोकांना अन्यत्र वसवावे असे सुचविले! गाव उठले नाही. 1948 मध्ये हूव्हर कंपनीचा कपडे धुण्याच्या यंत्रांचा कारखाना आला आणि 2009 पर्यंत चालला.

नगराचा अधिकार केवळ कागदावर असला तर काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे आबरव्हान. खाणीतील टाकाऊ द्रव्याचे ढीग डोंगरावर रचले जात. त्यांपैकी सातवा ढीग 1958 पासून झऱ्यांवर उभा राहिला. 1963 मध्ये नगराच्या अभियंत्याने राष्ट्रीय कोळसा मंडळाला पत्र लिहून पँटग्लास शाळेमागच्या या ढिगाच्या धोक्याची सूचना दिली होती. ढीग मंडळाचा, जमीन मंडळाची. नगराला पत्र लिहिण्यापलीकडे फारसे करता आले नाही. 21 ऑक्टोबर 1966 रोजी सकाळी ढीग घसरला आणि 144 जण मृत्यू पावले; त्यांत 116 मुले होती. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने 1967 मध्ये दोष कोळसा मंडळावर ठेवला. कोणावरही खटला झाला नाही.

1974 मध्ये काउंटी बरोचा दर्जा गेला, 1996 मध्ये परत आला. 2021 च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे 59,000 आणि वेल्श जाणणारे सुमारे नऊ टक्के निघाले. आबरव्हानच्या प्रकरणाला मात्र एक हिशेब लागून राहिला. डोंगरावरील उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चापोटी 1968 मध्ये, पीडितांसाठी जगभरातून जमलेल्या निधीतून दीड लाख पौंड काढून घेण्यात आले. ती रक्कम 1997 मध्ये निधीला परत मिळाली, व्याजावाचून. 2007 मध्ये वेल्श शासनाने आणखी वीस लाख पौंड दिले.