किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस भुयारी रेल्वेस्थानक

लंडनच्या भुयारी रेल्वेचे एक प्रमुख स्थानक. हे शहराच्या मध्यभागाच्या उत्तरेस, यूस्टन रोड या हमरस्त्याखाली आणि त्यालगतच्या किंग्ज क्रॉस व सेंट पँक्रस या दोन मोठ्या रेल्वे-अंत्यस्थानकांखाली वसलेले आहे. मेट्रोपॉलिटन, सर्कल, हॅमरस्मिथ अँड सिटी, नॉर्दर्न, पिकॅडिली व व्हिक्टोरिया असे सहा मार्ग येथे एकत्र येतात. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या अन्य कोणत्याही स्थानकात इतके मार्ग मिळत नाहीत. जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी प्रवाशांसाठी खुली झाली, तेव्हा तिच्या सात स्थानकांत याचा समावेश होता. तथापि हे स्थानक एका आराखड्यानुसार एकदाच बांधलेले नाही. वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या काळांत खोदलेले मार्ग एकमेकांस जोडत ते वाढत गेले आणि प्रत्येक पिढीने मागील पिढीच्या बांधकामाबरोबर तिच्या कामकाजाच्या सवयीही स्वीकारल्या. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी येथे लागलेल्या आगीत ३१ जण मृत्युमुखी पडले. या वारशातील दोष त्या वेळी उघड झाले व भूमिगत स्थानकांच्या सुरक्षिततेचा विचार नव्याने करावा लागला.

पार्श्वभूमी : या परिसराचे जुने नाव बॅटल ब्रिज असे होते. १८३०–३६ या काळात येथील चौकात राजा चौथा जॉर्ज याचे स्मारक उभारण्यात आले. ते लोकांच्या पसंतीस उतरले नाही व १८४५ मध्ये पाडून टाकण्यात आले. परंतु त्यावरून पडलेले ‘किंग्ज क्रॉस’ म्हणजे ‘राजाचा चौक’ हे नाव मात्र टिकून राहिले. ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीने लुइस क्यूबिट यांच्या आराखड्यानुसार येथे बांधलेले अंत्यस्थानक १८५२ मध्ये सुरू झाले. त्याच्या शेजारी मिडलंड रेल्वे कंपनीचे सेंट पँक्रस हे अंत्यस्थानक १८६८ मध्ये उभे राहिले. विल्यम हेन्री बार्लो या अभियंत्याने मधल्या खांबांविना उभारलेले त्याचे सु. ७३ मी. रुंदीचे लोखंडी छत त्या काळी अपूर्व मानले गेले. स्थानकाच्या दर्शनी बाजूचे गॉथिक शैलीतील भव्य हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–७८) यांनी आखले. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह व राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय यांचे आराखडेही याच स्कॉट यांनी, भारतात न येता, तयार केले होते.

रेल्वेमार्ग लंडनच्या गाभ्यात आणू नयेत, असा निर्णय १८४६ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाच्या शिफारशीवरून घेण्यात आला. परिणामी उत्तरेकडून येणाऱ्या बहुतेक गाड्या शहराच्या कडेलाच थांबू लागल्या आणि तेथून पुढे जाणाऱ्या प्रवाशांची व मालाची सर्व वर्दळ घोडागाड्यांच्या रूपाने रस्त्यांवर आली. रस्ते तुंबू लागले. सिटी ऑफ लंडनचे विधी-अधिकारी चार्ल्‌स पिअर्सन यांनी यावर भुयारी रेल्वेचा उपाय सुचविला व त्यासाठी अनेक वर्षे खटपट केली. शहराच्या दाट, रोगट वस्तीत राहणाऱ्या कामगारांना बाहेरच्या मोकळ्या भागात घर करता यावे व स्वस्त गाडीने कामावर येता यावे, हाही त्यांचा हेतू होता. पिअर्सन १८६२ च्या सप्टेंबरमध्ये, मार्ग सुरू होण्याच्या काही महिने आधी, निधन पावले.

वाफेचे युग : मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीने मुख्य अभियंता जॉन फाउलर यांच्या देखरेखीखाली १८६० मध्ये काम सुरू केले. पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन स्ट्रीट या सु. ६ किमी. मार्गाचा मोठा भाग रस्ता उघडा खणून, आत विटांची कमान बांधून व वरून पुन्हा माती टाकून तयार करण्यात आला. किंग्ज क्रॉसच्या पूर्वेस फ्लीट नदीच्या दरीतील गरीब वस्तीची अनेक घरे यासाठी पाडली गेली. ज्या वर्गाच्या सोयीसाठी पिअर्सन झटले, त्या वर्गालाच प्रथम विस्थापित व्हावे लागले. १८६२ च्या जूनमध्ये फ्लीटचा गटार-नाला फुटून त्याचे पाणी बांधकामात शिरले; तथापि काम फार काळ अडले नाही. पहिल्याच दिवशी सु. ३८,००० प्रवाशांनी या रेल्वेने प्रवास केला. १८६४ मध्ये कामगारांसाठी पहाटेच्या स्वस्त गाड्या सुरू झाल्या आणि पिअर्सन यांची कल्पना अंशतः प्रत्यक्षात आली.

डबे गॅसच्या दिव्यांनी उजळलेले असत व गाड्या वाफेच्या एंजिनांनी ओढल्या जात. एंजिनातील वापरलेली वाफ पाण्याच्या टाकीत सोडून थंड करण्याची योजना होती. परंतु कोळशाच्या धुरावर तिचा इलाज नव्हता. किंग्ज क्रॉस व त्याच्या पश्चिमेकडील स्थानकांमधील भुयारात हवा फार कोंदट होई. वायुवीजनाच्या प्रश्नाची १८९७ मध्ये सरकारी समितीकडून चौकशी झाली. अखेर १९०५ मध्ये विद्युतीकरण झाल्यावर हा प्रश्न सुटला. धुराचा हा त्रास सु. चाळीस वर्षे भुयारी प्रवासाचा अटळ भाग म्हणून सहन केला गेला होता.

खोल मार्ग व स्थानकाची वाढ : विद्युत्शक्तीमुळे रस्त्याच्या पुष्कळ खाली, मातीच्या थरात नळीसारखे गोल भुयार पाडून गाड्या चालविणे शक्य झाले. अशा खोल मार्गांपैकी ग्रेट नॉर्दर्न, पिकॅडिली अँड ब्रॉम्प्टन रेल्वे, म्हणजे आजचा पिकॅडिली मार्ग, १५ डिसेंबर १९०६ रोजी येथे पोहोचला. पुढे १९०७ च्या मे महिन्यात सिटी अँड साउथ लंडन रेल्वेचा फाटा येथून यूस्टनपर्यंत गेला. तो आज नॉर्दर्न मार्गाचा भाग आहे. खोल फलाटांवर उतरण्यासाठी उद्वाहक (लिफ्ट) वापरत. प्रत्येक कंपनीचे प्रवेशद्वार, तिकीटघर व जिने निराळे असल्याने एकाच नावाखाली वस्तुतः अनेक स्थानके नांदत होती.

लंडनची प्रवासी वाहतूक १९३३ मध्ये एका सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात आली आणि याच वर्षी स्थानकास ‘किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस’ हे सध्याचे नाव मिळाले. १९३९ मध्ये किंग्ज क्रॉस अंत्यस्थानकासमोरील पटांगणाखाली नवे वर्तुळाकार तिकीटघर सुरू करून तेथून खोल मार्गांकडे सरकते जिने नेण्यात आले. या जिन्यांच्या पायऱ्या व बाजूच्या फळ्या लाकडी होत्या; त्या काळच्या सरकत्या जिन्यांची ही सर्वमान्य रचना होती. मेट्रोपॉलिटन मार्गाचे फलाट १९४१ मध्ये पश्चिमेकडे हलविल्यामुळे ते या तिकीटघराच्या जवळ आले. १ डिसेंबर १९६८ रोजी व्हिक्टोरिया मार्गही येथे येऊन मिळाला व त्यासाठी आणखी सरकते जिने जोडावे लागले. गाडी बदलणे सोपे झाले. पण त्याबरोबर तिन्ही खोल मार्गांवरील प्रवाशांचा ओघ मुख्यतः एकाच भूमिगत दालनातून जाऊ लागला.

१९८७ ची आग : धूम्रपान करणाऱ्या प्रवाशांच्या जळत्या काड्या जिन्यांच्या फटींत पडून लहानसहान आगी लागणे लंडनच्या भुयारी रेल्वेला नवीन नव्हते. कर्मचारी त्यांना आग न म्हणता ‘धुमसणे’ म्हणत व त्या सहसा आपणच विझवीत. १९८४ च्या जुलैमध्ये गाड्यांतील धूम्रपान बंद करण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑक्सफर्ड सर्कस स्थानकात मोठी आग लागल्यावर १९८५ च्या फेब्रुवारीत भूमिगत स्थानकांतही बंदी लागू झाली. मात्र बाहेर पडण्याच्या घाईत असलेले काही प्रवासी सरकत्या जिन्यावरच सिगारेट पेटवीत. आगीची शंका येताच तत्काळ बोलवावे, असे अग्निशामक दलाने १९८५ मध्ये रेल्वे प्रशासनास लेखी कळविले होते. तथापि प्रथा बदलली नाही.

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी सायंकाळी साडेसातच्या सुमारास पिकॅडिली मार्गाच्या एका सरकत्या जिन्याखाली आग दिसल्याची वर्दी एका प्रवाशाने दिली. भुयारातून बिनतारी संदेश जात नसल्याने अग्निशामक दलास बोलावण्यासाठी पोलिसाला भूपृष्ठावर जावे लागले. जिन्याखाली पाण्याचे तुषार सोडणारी यंत्रणा होती, पण ती चालविली गेली नाही. खालच्या प्रवाशांना व्हिक्टोरिया मार्गाच्या जिन्यांवरून वर पाठविण्यात आले. हे जिने त्याच तिकीटघरात उघडत. काही गाड्या फलाटावर थांबून प्रवासी उतरवीतच होत्या. अग्निशामक दलाची पहिली पथके ७ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास आली. त्यांनी पाहिलेली आग फार मोठी नव्हती. परंतु ७ वाजून ४५ मिनिटांनी जिन्यावरून ज्वाळांचा प्रचंड झोत तिकीटघरात घुसला व दालन काळ्या धुराने भरून गेले. मृतांत प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी थांबलेले अग्निशामक दलाचे अधिकारी कॉलिन टाउन्सली यांचाही समावेश होता. सु. शंभर जणांना रुग्णालयात न्यावे लागले. आग मध्यरात्र उलटून गेल्यावर पूर्णपणे आटोक्यात आली.

चौकशी व तिचे निष्कर्ष : सरकारने विधिज्ञ डेझमंड फेनेल यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर चौकशी नेमली. जिन्याची पायरी व बाजूची फळी यांमधील फटीतून जळती काडी खाली पडली आणि यंत्रभागातील वंगण, कागदाचे कपटे, धागे व केस यांच्या थराने पेट घेतला, असा निष्कर्ष निघाला. या थराची पूर्ण सफाई अनेक वर्षांत झालेली नव्हती. पूर्वी अनेकदा तेथे ठिणगी पडून आपोआप विझल्याच्या खुणाही आढळल्या. जळत्या काड्या मुद्दाम टाकून केलेल्या प्रयोगात वंगणाने खरोखरच पेट घेतला.

लहानशी आग क्षणार्धात भडकली कशी, हा प्रश्न त्याहून अवघड होता. हारवेल येथील शास्त्रज्ञांनी संगणकावर या आगीचे गणिती प्रतिरूप तयार केले. ज्वाळा सरळ वर न जाता जिन्याच्या तळाला चिकटून वर सरकतात, असे त्यात दिसले. हे उत्तर प्रथम अनेक तज्ञांना पटले नाही. त्यामुळे बक्स्टन येथे एक तृतीयांश आकाराची जिन्याची प्रतिकृती उभारून ती पेटविण्यात आली व संगणकाचे भाकीत खरे ठरले. सु. ३० अंशांच्या चढावर, दोन्ही बाजूंच्या कठड्यांमुळे चराचा आकार आलेल्या जागेत, ज्वाळा खाली दाबल्या जातात; त्या वरच्या पायऱ्या तापवितात, तापलेल्या लाकडातून ज्वलनशील वायू निघतात आणि ठराविक क्षणी ते सर्व एकदम पेटतात. या पूर्वी अपरिचित असलेल्या घटनेस पुढे ‘ट्रेंच इफेक्ट’ म्हणजे चर-परिणाम ही संज्ञा मिळाली. भूमिगत स्थानके व उतारावरील आगींच्या अभ्यासात ती आज मूलभूत मानली जाते.

फेनेल यांचा अहवाल १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५७ शिफारशी होत्या. आगी अटळच आहेत असे मानण्याची वृत्ती, कर्मचाऱ्यांच्या अग्निप्रशिक्षणाचा अभाव, आणि रुळांवरील सुरक्षिततेकडे बारकाईने लक्ष देताना स्थानकांतील धोक्याकडे झालेले दुर्लक्ष यांवर अहवालाने बोट ठेवले. वाहतूक प्रशासनाच्या सर्वोच्च पदांवरील व्यक्तींनी राजीनामे दिले. भूमिगत स्थानकांच्या अग्निसुरक्षेचे नियम १९८९ मध्ये करण्यात आले. लाकडी सरकते जिने क्रमाक्रमाने काढून टाकण्यात आले. त्यांपैकी शेवटचा, ग्रीनफर्ड स्थानकातील जिना, २०१४ मध्ये बंद झाला. किंग्ज क्रॉस येथे पिकॅडिली मार्गाचे नवे जिने १९८९ च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि नॉर्दर्न मार्गाचे फलाट त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा उघडले.

पुनर्बांधणी : एकाच तिकीटघरावर पडणारा भार कमी करण्याचे काम प्रत्यक्षात येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. दरम्यान ७ जुलै २००५ रोजी किंग्ज क्रॉस व रसेल स्क्वेअर यांमधील पिकॅडिली मार्गाच्या गाडीत आत्मघातकी बाँबहल्ला होऊन २६ जण ठार झाले. त्या दिवशी लंडनमधील चार हल्ल्यांत एकूण ५२ जणांचा बळी गेला. नवे पश्चिम तिकीटघर २००६ मध्ये व उत्तर तिकीटघर २००९ मध्ये खुले झाले. त्यांमुळे बाहेर पडण्याचे स्वतंत्र मार्ग उपलब्ध झाले. पॅरिस व ब्रुसेल्सकडे जाणाऱ्या यूरोस्टार गाड्या नोव्हेंबर २००७ पासून सेंट पँक्रस येथून सुटू लागल्याने स्थानकाचे महत्त्व आणखी वाढले.

आगीत मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ तिकीटघरात स्मृतिफलक व घड्याळ बसविलेले आहे. धुराचा त्रास चाळीस वर्षे आणि ‘धुमसणे’ त्याहून अधिक काळ या भुयारांनी नित्याचे मानले. पहिल्यावर विद्युतीकरणाने उपाय झाला. दुसऱ्याचा उपाय करण्यासाठी मात्र आधी त्याला त्याच्या खऱ्या नावाने, म्हणजे आग म्हणून, ओळखावे लागले. भूमिगत स्थानकांत लहानशा धुराचीही दखल तत्काळ घेण्याची जी दक्षता आज आवश्यक मानली जाते, तिच्यामागे या एका स्थानकाचा अनुभव उभा आहे.