चांद्याच्या अरण्यातील एक शोध

पैसे मोजून दुसऱ्याकडून माणसाचा शोध लावून घ्यायचा, हा व्यवहार फार जुना आहे. पण त्याला पेढीचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात. पॅरिस शहरी १८३३ मध्ये विदोक नावाच्या गृहस्थाने अशी कचेरी थाटली. हा गृहस्थ पूर्वाश्रमीचा गुन्हेगार आणि पुढे पोलीसखात्याचाच अधिकारी, म्हणजे धंद्याच्या दोन्ही अंगांत मुरलेला. अमेरिकेत शिकागो येथे १८५० च्या सुमारास पिंकर्टनने तोच उद्योग आगगाडीच्या कंपन्यांच्या आश्रयाने वाढविला. शहरात हे साधते, कारण तेथे रस्त्यांना नावे असतात, घरांना क्रमांक असतात आणि उतारूंच्या नोंदवह्या असतात. जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे सरकारने माणूस शोधावा तरी कसा? विदर्भाच्या पूर्व टोकाला चांद्याच्या अरण्यात १८५८ साली हा प्रश्न उभा राहिला होता.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या वेळी एकच होते. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते व गोदावरीला मिळण्यासाठी दक्षिणेस जाते. तिच्या पूर्वेचा दाट अरण्याचा मुलूख जमीनदाऱ्यांचा असून त्यांत अहेरी सर्वांत मोठी. जमीनदाराने ठरलेली रक्कम भरली की सरकार सहसा आत डोकावत नसे. डोकावत नसल्यामुळे आतले काही ठाऊकही नसे.

अहेरीच्या अधीन मोलमपल्ली नावाची एक लहान जमीनदारी होती. तिचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांनी मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल करून बंडाचा झेंडा उभारला. आरपल्ली व घोट येथील जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंड आणि रोहिले यांची फौज जमली. २९ एप्रिलच्या रात्री त्यांच्यातील एका टोळीने प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर छापा घातला. गार्टलंड व हॉल हे दोघे इंग्रज ठार झाले. पीटर नावाचा तिसरा निसटून डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्याकडे पोचला.

क्रिक्टनपाशी कायदा होता, शिक्का होता. नव्हते ते डोळे. अरण्यात माणूस शोधणे म्हणजे पाऊलखुणांचा माग काढणे एवढेच नव्हे. लपणाऱ्याला खावे लागते, नदी उतरावी लागते, कोणाच्या तरी ओसरीवर रात्र काढावी लागते. ती ओसरी कोणाची, त्या घराचे सोयरे कोणत्या गावी, हे ज्याला ठाऊक त्यालाच तो सापडतो. कौटिल्याने अर्थशास्त्रात वनात वनचरांनाच हेर म्हणून नेमावे असे सांगितले आहे, त्याचे मर्म हेच. क्रिक्टनने अर्थशास्त्र वाचले असणे शक्य नाही, कारण तो ग्रंथ विसाव्या शतकातच उजेडात आला. पण गरजेने त्याला त्याच वाटेवर आणले. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना हाताशी धरले.

लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. चांद्यास खटला झाला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. आरपल्ली व घोट या जमीनदाऱ्यांतील सदुसष्ट गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

या बक्षिसाकडे नीट पाहावे. सरकारच्या तिजोरीतून त्यासाठी काही गेले नाही. गावे होती ती व्यंकटरावांची. एका बंडखोराला पकडून देण्याचे मोल दुसऱ्या बंडखोराच्या जमिनीतून चुकते झाले. मोलमपल्ली ही लक्ष्मीबाईंच्याच हाताखालची जमीनदारी. ती बंडात असताना अहेरीवरही संशयाची सावली पडणे अटळ होते. म्हणजे येथे शोध घेणारा त्रयस्थ नव्हता. खासगी गुप्तहेर नेमणाऱ्या शहाण्या माणसाने आधी विचारावयाचे ते हेच, की शोधाच्या निकालात शोधणाऱ्याचा स्वतःचा लाभ किती? आज असा गुप्तहेर फक्त माहिती आणून देतो, कोणास धरून आणण्याचा त्याला विशेष अधिकार नाही. भारतात या व्यवसायाच्या नियमनासाठी २००७ साली मांडलेले विधेयक मात्र कायद्यात उतरले नाही. चांद्यात शोधणे, पकडणे आणि मोबदला घेणे ही तिन्ही कामे एकाच हाती होती.

कौटिल्याचा आणखी एक दंडक आहे. तीन हेरांचे सांगणे जुळले तरच त्यावर विश्वास ठेवावा. इतिहासाला मात्र ही चैन परवडत नाही. या प्रकरणाची लेखी साक्ष प्रामुख्याने इंग्रजी कागदपत्रांची, म्हणजे मोल देणाऱ्या पक्षाची आहे. लोकस्मृतीने लक्ष्मीबाईंना फितुरांत बसविले. त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची सोय नाही.

व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटले. त्यांना एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने धरले आणि त्यांच्या वाट्याला जन्मठेप काळ्या पाण्याची आली. हाही शोध इंग्रजी शिपायाने लावलेला नव्हे. २००९ साली भारतीय टपालखात्याने बाबुराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले, आणि २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या कारागृहापाशी त्यांच्या स्मृतीस वंदन करण्यासाठी लोक जमतात.