असईच्या दारूचा वास व नळींतील कीट

जालना जिल्ह्यांत असई गांवापाशीं, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबांत, ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या फौजेशीं गांठ पडली, हें वाचकांस विदितच आहे. या लढाईंतील म्हणून एखादी जुनी बंदूक संग्राहकापुढें येते तेव्हां तिच्या अस्सलपणाचें एक प्रमाण हटकून सांगण्यांत येतें: नळींत पाणी ओतलें कीं अद्यापि दारूचा वास सुटतो. हें प्रमाण कितपत टिकतें, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या काळची दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचें मिश्रण. इंग्रजी दारूंत शंभर भागांस सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असें प्रमाण असे. ही दारू पेटली म्हणजे सगळी हवेंत उडून जाते, असा सामान्य समज आहे. तो खरा नाहीं. नोबल व एबल या इंग्रज शोधकांनीं १८७५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून पाहतां, १०० तोळे दारू जळाली असतां सुमारें ४३ तोळे वायु होतो व बाकीचे ५७ तोळे क्षारच राहतात. त्यांतील कांहीं भाग पांढऱ्या धुरांतून बाहेर पडतो, कांहीं नळीस चिकटतो. त्यांत पोटॅशियमचें सल्फाइड असतें. त्यास ओल लागली कीं नासक्या अंड्यासारखा वास सुटतो. म्हणजे ज्यास आपण दारूचा वास म्हणतों तो दारूचा नव्हे, तिच्या राखेचा होय.

परंतु हें सल्फाइड टिकाऊ नाहीं. हवेच्या संसर्गानें त्याचें हळूहळू सल्फेट बनतें, आणि सल्फेटास वास नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं उडालेल्या व तोंड उघडें राहिलेल्या नळींत तो वास उरणें आम्हांस अशक्य वाटतें. तसा वास येत असेल तर नळी अलीकडे कोणी उडविली एवढेंच सिद्ध होतें. लग्नकार्यांत व उत्सवांत जुन्या बंदुकांचे बार काढण्याची हौस आपणांकडे थोडी नाहीं! १८८४ सालीं फ्रान्सांत निघालेल्या निर्धूम दारूचा वास निराळा, उग्र असतो, व ती जळून जवळजवळ सर्व वायुरूप होते. तेव्हां तिच्याशीं घोटाळा होण्याचें कारण नाहीं. कोणी कीटांत क्लोराइड दाखवून नळी केपाच्या काळची, म्हणजे असईनंतरची, ठरवितात. केपांत पोटॅशियम क्लोरेट घालीत हें खरें. परंतु नीट न शुद्ध केलेल्या देशी सोऱ्यांत साधें मीठही असतेंच, हें ते विसरतात.

या क्षारांचा विचार लढाईच्या हकीकतींतही व्हावयास पाहिजे. शिंद्यांच्या गोलंदाजांचा मारा इतका सक्त होता कीं, इंग्रजांकडील ४२८ ठार व १,१३८ जखमी झाले. इंग्रजांची पलटण तोफांची रांग ओलांडून पुढें गेल्यावर पडलेले गोलंदाज उठले व त्यांनीं तोफा फिरवून मागून मारा केला. इंग्रज लेखक यास कपट म्हणतात, मेल्याचें सोंग म्हणतात. आमच्या मतें येथें कपटाची कल्पना करण्याचें कारण नाहीं. अर्ध्याहून अधिक दारू क्षाररूप होऊन जेथें धुरांत व नळींत राहते, तेथें तोफेखालीं पडलेला मनुष्य जिवंत कीं मेलेला हें धांवत जाणाऱ्या शिपायानें कसें ओळखावें? शेवटीं ९८ तोफा शत्रूच्या हातीं लागल्या, तरी गोलंदाजांची करामत त्यामुळें कमी होत नाहीं.

गोळ्यांविषयींही दोन शब्द. इंग्रजी बंदुकीची नळी ०.७५ इंच रुंद, पण गोळी सुमारें ०.६९ इंचाचीच. कांहीं बार झाले कीं कीट सांचून नळी अरुंद होते, म्हणून ही सवड ठेवीत. पेचदार नळींत गोळी घट्ट बसावी लागे, म्हणून तेथें कीट फारच नडे. तेव्हां शेतांत सांपडलेली गोळी केवळ मापानें अमुक नळीची ठरविणें धाडसाचें होय.

आपल्या लोकांस दारूचा स्वभाव ठाऊक नव्हता असें नव्हे. अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा व आठां-पंधरां दिवसांनीं दारू बाहेर काढून तीस ऊन द्यावें, असें बजाविलें आहे. अशुद्ध सोरा ओल धरतो, त्याचाच हा बंदोबस्त. सोरा-गंधकाच्या खरेदीचे मोडी कागद किरकोळ म्हणून रद्दींत घालूं नयेत. कीटापेक्षां त्यांची साक्ष अधिक मोलाची.

खरा ऐवज मिळाला तर तो न जळालेल्या दारूंत मिळेल. ठासणीच्या जुन्या नळींत पुष्कळदां बार तसाच राहिलेला असतो, व कोरडी राहिलेली दारू शेंकडों वर्षें पेट घेऊं शकते. म्हणून नळी धुण्यापूर्वीं लांकडी गज तोंडाकडून हलके आंत सोडावा व तो कोठें अडतो तें बाहेरून मापून पाहावें. काना येण्यापूर्वींच गज अडला तर हात लावूं नये. जाणत्याकडून बार काढवावा, आणि त्यांतील सोऱ्याचें प्रमाण तपासून घ्यावें.