मित्राची गोष्ट

मित्राची गोष्ट : विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे मराठी नाटक. विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. प्रमुख भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. एका तरुणीला दुसऱ्या तरुणीविषयी वाटणारे प्रेम हा विषय उघडपणे केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मराठीतील आरंभीच्या नाटकांत त्याची गणना होते. ध्यास, मैत्री आणि भय या तीन भावनांची त्यात झालेली गुंफण पाहता, तरुणांच्या झपाटलेल्या मैत्रीची कथा सांगणाऱ्या साहित्यातही त्याला स्वतंत्र स्थान द्यावे लागते.

नाटकाच्या शीर्षकात मराठी विभक्तिप्रत्ययाने साधलेला श्लेष आहे. ‘मित्र’ आणि ‘मित्रा’ (सुमित्रा या नावाचे लघुरूप) या दोन्ही शब्दांचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’ असेच होते. त्यामुळे ही गोष्ट मित्रा नावाच्या मुलीची, की ती सांगणाऱ्या मित्राची, हा प्रश्न आरंभापासूनच उभा राहतो. संपूर्ण नाटकाचा नैतिक भार या संदिग्धतेवर तोललेला आहे.

कथानक : काळ स्वातंत्र्यपूर्व असून वातावरण महाविद्यालयीन आहे. बापू हा बुजरा, स्वतःविषयी फारसा विश्वास नसलेला विद्यार्थी या कथेचा निवेदक आहे. धीट, मोकळ्या वागणुकीच्या सुमित्रा देव ऊर्फ मित्राकडे तो आकृष्ट होतो. दोघांत स्नेह जुळल्यावर मित्रा आपले मन त्याच्यापुढे उघड करते. आपल्याला पुरुषाविषयी ओढ वाटत नाही, हे तिला उमगलेले असते आणि या जाणिवेच्या धक्क्याने तिने पूर्वी आत्महत्येचा प्रयत्नही केलेला असतो. पुढे महाविद्यालयातील एका नाटकात मित्रा पुरुषभूमिका करते. त्या नाटकाची नायिका झालेल्या नमा देशमुख हिच्यावर तिचे मन जडते. मन्या दळवी हा तरुणही नमावर हक्क सांगणारा असतो. बापू आपली खोली या दोघींना भेटीसाठी देतो. मित्राने नमाला लिहिलेले पत्र दळवीच्या हाती लागते आणि त्याचे तो शस्त्र करतो. नमा दुरावते, मित्राचा ध्यास मात्र वाढत जातो. अखेरीस बापूही तिच्याकडे पाठ फिरवतो आणि मित्रा आत्महत्या करते.

भयाचे स्वरूप : मराठी लोकसमजुतीत स्त्रीची अतृप्त वासना हे भुताच्या उत्पत्तीचे एक प्रमुख कारण मानले जाते. हडळ, जखीण यांच्या कथा या समजुतीतून निर्माण झाल्या. मराठीत ‘झपाटणे’ हे क्रियापद भूतबाधेसाठी आणि अनावर ओढीसाठी सारखेच वापरले जाते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेला आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी गूढकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. मतकरींच्या गूढकथेत भयाचा उगम पुष्कळदा बाहेरच्या शक्तीत नसून माणसाच्या मनात असतो. ‘मित्राची गोष्ट’ ही गूढकथा नव्हे, तीत अमानुष असे काहीही घडत नाही. तरीही प्रेक्षकाला सतत एक दडपण जाणवत राहते. या दडपणाचे वाहक अगदी साधे आहेत : हाती लागलेले पत्र, आवारात पसरणारी कुजबुज आणि कोणत्याही क्षणी कोणी दार ठोठावील अशी उसनी खोली.

अन्य भाषांतील काही कृतींशी तुलना केल्यास नाटकाचे वेगळेपण स्पष्ट होते. आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांच्या ‘कार्मिला’ (१८७२) या कथेत एकाकी तरुणीशी जवळीक साधणारी तिची मैत्रीण रक्तपिपासू पिशाच्च निघते. म्हणजे स्त्रीच्या स्त्रीविषयीच्या ओढीलाच तेथे राक्षसी रूप दिलेले आहे. अमेरिकन नाटककार लिलियन हेलमन यांच्या ‘द चिल्ड्रन्स अवर’ (१९३४) या नाटकात मुलींच्या शाळेतील एका विद्यार्थिनीच्या खोट्या कुजबुजीमुळे दोन शिक्षिकांचे जीवन उद्ध्वस्त होते. उर्दू लेखिका इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एका लहान मुलीला रात्री भिंतीवर दिसणारी, हलणाऱ्या रजईची सावली हेच भयाचे केंद्र आहे. या कथेवर लाहोर येथे अश्लीलतेचा खटला झाला, त्या वेळी लेखिका मुंबईत राहत होत्या. तेंडुलकरांनी या तिन्हींहून वेगळी वाट धरली. मित्रा पिशाच्च नाही, तिच्याविषयी बोलले जाते ते असत्य नाही आणि निवेदक अजाण बालकही नाही. बापूला सर्व काही ठाऊक आहे. ठाऊक असूनही तो शेवटपर्यंत पुरा पडत नाही, ही या नाटकातील सर्वांत भयावह गोष्ट होय.

सामाजिक पार्श्वभूमी : मराठी रंगभूमीला लिंगभावाची वेषांतरे नवी नव्हती. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांवर प्रेक्षकांच्या पिढ्या लुब्ध होत्या. रंगमंचावर जे कौतुकाचे, तेच प्रत्यक्ष जीवनात निषिद्ध, हा विरोध मित्राच्या पुरुषभूमिकेतून नाटककाराने अचूक हेरला आहे. रंगभूषा उतरल्यावर नाटकातील प्रणय संपणे अपेक्षित असते, मित्राच्या बाबतीत तो तेथून सुरू होतो.

गिरगावातील साहित्य संघ मंदिर, परळचे दामोदर नाट्यगृह आणि दादरचे शिवाजी मंदिर ही मुंबईच्या मराठी प्रेक्षकांची प्रमुख नाट्यगृहे होती. हा प्रेक्षक बहुतांशी चाळींतून वाढलेला होता. गिरगाव-लालबागच्या चाळीतील एका खोलीच्या संसारात एकांत ही दुर्मिळ वस्तू असे आणि सामाईक गॅलरीमुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद आपोआप होत असे. दोघींना भेटण्यासाठी तिसऱ्याची खोली लागावी आणि त्या खोलीमुळे तिसराही चर्चेचा विषय व्हावा, ही परिस्थिती अशा प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नव्हती. याच तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) या नाटकाच्या प्रयोगांसाठी दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले होते. त्यानंतरच्या दशकात मित्राला रंगमंच मिळाला, यामागे त्या लढ्याने रुंदावलेली वाटही होती.

उत्तरकाल : १९८१ मध्ये मित्रासारख्या मुलीला आपली ओळख सांगण्यासाठी रूढ, सन्मान्य शब्द मराठीत नव्हता. परिस्थिती हळूहळू बदलत गेली. मुंबईत १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू झाले आणि १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा स्त्रियांचा गट स्थापन झाला. मात्र डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ या चित्रपटाचे खेळ मुंबईत मोडतोड करून बंद पाडण्यात आले. म्हणजे मित्राचा प्रश्न सतरा वर्षांनंतरही तितकाच स्फोटक राहिला होता. दादरच्या छबिलदास चळवळीशी निगडित असलेल्या ‘आविष्कार’ या संस्थेचे चेतन दातार (मृत्यू २००८) यांनी ‘एक माधवबाग’ हे एकपात्री नाटक लिहिले. त्यात मुलाच्या समलिंगी असण्याला सामोरी जाणारी आई बोलते, म्हणजे जवळच्या माणसाच्या निवेदनाची पद्धत येथेही आहे. परंतु ही आई मुलाला समजून घेण्याच्या दिशेने जाते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ व बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. तो निघून गेल्यावर दोघेही आपापली कहाणी स्वतः सांगतात, निवेदनासाठी मध्यस्थ मित्राची गरज उरत नाही. तेंडुलकरांच्याच कथेवर आधारलेला रवी जाधव यांचा ‘मित्रा’ हा लघुपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला आणि २०१५ मध्ये ‘बायोस्कोप’ या चित्रपटात समाविष्ट होऊन प्रदर्शित झाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाच्या कक्षेतून वगळले.

मूल्यमापन : मित्राचा मृत्यू हा या नाटकावरील आक्षेपाचा मुद्दा आहे. समलिंगी पात्राचा शेवट आत्मनाशात करणे हा साहित्यातील जुना संकेत असून त्यामुळे असे जीवन जगताच येत नाही असा समज दृढ होतो, हे खरे. शिवाय तिची सर्व हकीकत पुरुषाच्या तोंडून येते आणि तिच्या एकांताचे क्षण प्रेक्षकाला प्रायः अज्ञातच राहतात. तथापि, नाटककाराने मित्राला निर्दोष हुतात्मा केलेले नाही. ती हट्टी आहे, नमावर मालकी गाजवू पाहते, बापूला गृहीत धरते. तिचे हे दोष दळवीसारख्या तरुणातही आहेत, परंतु त्यांची किंमत तिला प्राणांनी मोजावी लागते आणि दळवीला काहीच मोजावे लागत नाही. ही असमानता नाटकात कोठेही भाषणातून सांगितलेली नाही, ती घटनांतून दिसते. कायद्याने पत्रातील मजकुराचे भय कमी केले. पाठ फिरवणाऱ्या मित्राचे भय कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणूनच परिस्थिती पालटल्यावरही बापूची साक्ष जुनी झालेली नाही आणि शीर्षकातील ‘मित्र’ कोण, हा प्रश्न प्रत्येक नव्या प्रेक्षकाला स्वतःपुरता सोडवावा लागतो.