समुद्रातील तेल आणि परवान्याचा अधिकार

वर्धा जिल्ह्याच्या भूमीखाली उद्या तेलाचा साठा सापडला, तर त्यावरील स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, राज्याच्या तिजोरीत जमा होईल. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरील ‘मुंबई हाय’चे स्वामित्वधन मात्र केंद्र सरकारला मिळते. गुजरात व आसाम यांना त्यांच्या भूमीवरील विहिरींतून जो महसूल मिळतो, तो महाराष्ट्राला या क्षेत्रातून मिळत नाही. किनारा राज्याचा, उरणचा प्रकल्पही राज्यातला. समुद्रतळ तेवढा केंद्राचा.

या भेदाचे मूळ राज्यघटनेच्या २९७ व्या अनुच्छेदात आहे. सागरी हद्दीतील समुद्रतळाची खनिजे त्याने केंद्राच्या स्वाधीन केली. १९६३ मध्ये त्यात भूखंडमंचाचा, तर १९७६ मध्ये अनन्य आर्थिक क्षेत्राचा समावेश झाला. १९५९ च्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियमांतही हीच विभागणी होती. जमिनीवरील परवाना केंद्राच्या पूर्वसंमतीने राज्य सरकार देई, समुद्रातील परवाना थेट केंद्र. शोधाचा परवाना प्रथम चार वर्षांचा असे. तेल सापडल्यास साधारणपणे वीस वर्षांचा खाणपट्टा मिळे. २०२५ च्या दुरुस्ती कायद्याने ‘खाणपट्टा’ जाऊन ‘पेट्रोलियम पट्टा’ आला.

‘सागर सम्राट’ने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हाय येथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्या काळी क्षेत्रे नामनिर्देशनाने सरकारी कंपन्यांनाच मिळत. पुढे पन्ना-मुक्ता व ताप्ती ही क्षेत्रे १९९४ च्या करारांनी एन्रॉन, रिलायन्स आणि ओएनजीसी यांच्या संयुक्त उपक्रमाकडे गेली. १९९७ मध्ये मंजूर झालेल्या ‘नेल्प’ धोरणानुसार १९९९ पासून खुल्या निविदा निघू लागल्या. त्यात कंत्राटदार आधी खर्च वसूल करी आणि नंतर नफा वाटला जाई. साहजिकच खर्चाचा आकडा हेच वादाचे कारण ठरले. २०१६ च्या ‘हेल्प’ धोरणाने ही पद्धत सोडून थेट महसुलातील वाटा स्वीकारला. शिवाय कोणत्या क्षेत्रात शोध घ्यायचा, हे कंपनीच सुचवू शकते.

याच धोरणाने उथळ समुद्रातील स्वामित्वधन साडेसात टक्क्यांवर आणले, तर खोल समुद्रात पहिली सात वर्षे ते पूर्ण माफ केले. जमिनीवरील दर मात्र कायम ठेवले, कारण तो पैसा राज्यांचा आहे.