तळटीप ३ : श्रीलंकेतील युद्धोत्तर समेट

३. ग्रंथकाराने येथे निर्दिष्ट केलेली युद्धसमाप्ती मे २००९ मध्ये मुल्लैत्तिवू जिल्ह्यातील किनारपट्टीवर झाली. परंतु १९५६ च्या कायद्याने सिंहलीस एकमेव राजभाषेचे स्थान दिल्यापासून तमिळ प्रजेच्या मनात साचत गेलेले, आणि १९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय हजारो ग्रंथ व हस्तलिखितांसह भस्मसात झाले तेव्हा असह्य झालेले वैषम्य केवळ बंदुका थंडावल्याने निवणारे नव्हते. १९९० साली स्वतंत्र तमिळ राज्यासाठी सरकारशी लढणाऱ्या तमिळ वाघांनी उत्तर प्रांतातून हुसकावून लावलेल्या मुसलमानांचे दुःखही याच हिशेबात धरले पाहिजे. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०११ च्या अहवालात लष्कराच्या कबजातील खाजगी जमिनी मूळ मालकांस परत द्याव्यात व बेपत्ता इसमांचा छडा लावावा, अशा शिफारशी केल्या. अंमलबजावणी मात्र रेंगाळली. ४ फेब्रुवारी २०१६ रोजी स्वातंत्र्यदिनाच्या सरकारी समारंभात राष्ट्रगीत तमिळमध्येही गायले गेले, हा शुभ प्रघात २०२० साली खंडित झाला. तरीही आशेस आधार आहे, कारण बेपत्ता मुलांच्या तसबिरी हाती घेऊन किलिनोच्चीच्या रस्त्याकडेला २०१७ पासून धरणे धरणाऱ्या माता सूड मागत नाहीत, सत्य मागतात. आणि हे सत्य दप्तरी नोंदवून, तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतिक मंडळांस देऊ केलेले अधिकार प्रत्यक्षात सोपविल्यावाचून समेट टिकाऊ होणार नाही, असे आमचे निश्चित मत आहे. — संपादक