नांदूर मध्यमेश्वरचें सरोवर : एक ऐतिहासिक विचार

(१) नाशिक जिल्ह्यांतील गंगापूर, दारणा व नांदूर मध्यमेश्वर आणि जिल्ह्याच्या सीमेपलीकडील भंडारदरा हे जलाशय पाहण्यास हल्लीं पुष्कळ लोक जातात. तेथील विस्तीर्ण पाणी, डोंगर व पक्षी पाहून हा प्रांत मूळचाच सरोवरांचा असावा, असा पाहणाराचा सहज ग्रह होतो. नांदूर येथें नदीलगत जुनीं शिवालयें असल्यामुळें तर तो अधिकच दृढ होतो. परंतु या चार जलाशयांपैकीं एकहि निसर्गनिर्मित नाहीं. ते सर्व मनुष्यानें बांधलेले असून त्यांतील सर्वांत जुन्याचें वयहि सुमारें शंभर वर्षांच्या आसपासचेंच आहे. यांपैकीं नांदूरचें सरोवर कोणत्या हेतूनें झालें आणि तें प्रेक्षणीय कसें ठरलें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

(२) या प्रांतीं लोक पूर्वीं पाण्याकांठीं येत ते मुख्यतः तीर्थासाठीं. त्र्यंबकेश्वरचें कुशावर्त, नाशिकचें रामकुंड आणि बारा वर्षांनीं येणारा सिंहस्थ हीं त्या प्रवासाचीं निमित्तें होत. नदीकांठीं सुखानें राहण्याची हौस मोठ्यांसहि होती. राघोबादादांनीं नाशिकाजवळील चावंडस येथें वास्तव्य केलें आणि त्या गांवास आनंदीबाईंच्या नांवावरून आनंदवल्ली हें नांव मिळालें. पुढें दादांचा अंत १७८३ सालीं कोपरगांवीं व आनंदीबाईंचा १७९४ सालीं आनंदवल्लीस, म्हणजे गोदावरीच्याच कांठीं, झाला. ही सर्व आवड वाहत्या नदीची होती. नाशिक जिल्ह्याचें सरकारी गॅझेटिअर १८८३ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां नांदूर येथें गोदावरी व कादवा यांचा संगम होता, सरोवर नव्हतें.

(३) सरोवराचें मूळ दुष्काळांत आहे. १८७६ ते १८७८ चा आणि त्यामागून १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ यांनीं दक्षिणेंतील अवर्षणग्रस्त पट्टा खचवून टाकला. १९०१ सालीं सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखालीं पाटबंधारे कमिशन नेमण्यांत आलें व त्यानें १९०३ सालीं अहवाल दिला. सह्याद्रीवर पडणारें विपुल पाणी अडवून तें पूर्वेकडील कोरड्या मुलखास पुरवावें, ही दिशा त्यानंतर निश्चित झाली. तदनुसार विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत गोदावरी कालव्यांचें काम झालें. त्याचीं अंगें दोन. घाटमाथ्यालगत इगतपुरी तालुक्यांत दारणा नदीवर धरण बांधून (१९१६) पाण्याचा सांठा केला. आणि तेथून नदीच्या पात्रानेंच खालीं येणारें पाणी वळविण्यासाठीं नांदूर येथें बंधारा घातला. बंधाऱ्यापासून डावा व उजवा असे दोन कालवे कोपरगांवच्या बाजूस जातात. म्हणजे सांठवणाचें काम दारणेचें, वांटणीचें काम नांदूरचें. संगमावरील पाणी पसरून झालेलें तळें हा या योजनेचा हेतु नसून केवळ परिणाम होता. योजना झाली ती धान्य वांचविण्यासाठीं. परंतु कालव्याचें पाणी पुढें उंसासहि लागलें आणि त्या मुलखाचें अर्थकारणच पालटलें.

(४) त्या काळीं अशा जलाशयांस इंग्रज अधिकाऱ्यांचीं नांवें देण्याचा प्रघात होता. खडकवासल्याचें लेक फाइफ, दारणेचें लेक बील, भंडारदऱ्याचें आर्थर हिल लेक, हीं त्याचीं उदाहरणें. भंडारदऱ्याचें धरण तर गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नांवानें १९२६ सालीं खुलें झालें. लोकांच्या तोंडीं मात्र नदीचें किंवा गांवाचें नांवच राहिलें.

(५) नांदूरचें तळें उथळ आहे. गोदावरी, दारणा व कादवा या नद्यांनीं प्रतिवर्षीं आणलेला गाळ बंधाऱ्यामागें सांचत गेला. पाणी सांठविणाराच्या हिशेबीं ही केवळ तूट होय. परंतु त्याच गाळावर पाणवनस्पति माजल्या, बेटें झालीं, मासे व किडे वाढले आणि हिंवाळ्यांत दूर देशांहून येणारीं बदकें, करकोचे व रोहित पक्षी तेथें उतरूं लागले. १९८६ सालीं येथें अभयारण्य झालें. १९७१ च्या रामसर करारान्वयें महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी ठेवितात तींत महाराष्ट्रांतील पहिलें स्थळ म्हणून नांदूरचा समावेश झाल्याचें जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें. या स्थळास महाराष्ट्राचें भरतपूर म्हणतात. ही उपमा एका अधिक अर्थानेंहि यथार्थ आहे. कारण भरतपूरचें पाखरांचें रानहि बांध घालून पाणी अडविल्यानेंच झालें.

(६) या इतिहासाचा आजच्या प्रश्नाशीं निकट संबंध आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत बंधाऱ्याच्या वरच्या अंगास असलेलीं चांदोरी व सायखेडा हीं गांवें जलमय झालीं. पुराचें पाणी लौकर ओसरावें म्हणून गाळ काढावा, असें वरच्या गांवकऱ्यांनीं म्हणावें हें स्वाभाविक आहे. कालव्याखालील शेतकऱ्यासहि सांठा वाढलेला हवा. खालीं पैठणचें जायकवाडी आपला वांटा मागतें. आणि चापडगांवच्या मनोऱ्यावरून पाखरें पाहणारास तोच गाळ व तेंच उथळ पाणी राहावें असें वाटतें. यांतील प्रत्येक पक्ष सरोवराकडे आपल्यापुरतें पाहतो.

हें केवळ निसर्गाचें लेणें आहे असें मानल्यास, ज्यांच्या शेतांसाठीं तें बांधलें व ज्यांच्या गांवांत त्याचें पाणी शिरतें त्यांचा विसर पडतो. तें केवळ पाटबंधाऱ्याचें काम आहे असें मानल्यास, शंभर वर्षांत तेथें जें नवें जीवन उभें राहिलें तें एका हंगामाच्या खोदकामानें नष्ट होऊं शकतें. एवंच, गाळ कोठून काढावा व कोठें राहूं द्यावा, पाणी केव्हां सोडावें व किती राखावें, याचा निर्णय हे दोन्ही इतिहास एकत्र वाचूनच झाला पाहिजे. नांदूरचें सरोवर पाहण्यास जाणारानें पाखरांबरोबर बंधाराहि पाहावा आणि त्याचें पाणी कोठून येतें व कोठें जातें हें विचारावें. त्याशिवाय तें स्थळ पुरतें पाहिलें असें होणार नाहीं.